पाण्याच्या बाटलीतलं ॲसिड

मंगळवार, ११ एप्रिल २००६
भाईंदर

आज माझ्या हातून सावंतकाका गेले असते. कॅन गळत होता म्हणून बॅटरीचं ॲसिड मी रिकाम्या बाटलीत ओतून ठेवलं, वर पेनाने 'ॲसिड' लिहिलं. पण पाण्याचीच बाटली का घेतली मी? ज्यांनी मला गॅरेजचं सगळं काम शिकवलं आणि जे आता माझ्याच गॅरेजात कामाला आहेत, ते काका तहानलेले आले आणि तीच बाटली तोंडाला लावायला निघाले. मी धावत जाऊन हिसकावली, तेव्हा ॲसिड त्यांच्या हातावर सांडलं.

बराच वेळ तो हात मी नळाखाली धरून होतो. सारखा माफी मागत होतो. काका हळूच म्हणाले, "बाटलीवर तू पेनाने लिहिलं होतंस ना? मला दिसलंच नाही रे. वर्षभर नीट दिसत नाहीये. तू कामावरून काढशील म्हणून बोललो नाही."

मी त्यांना काढीन? असं कसं वाटलं त्यांना?

डॉक्टर म्हणाले, वरवरच भाजलंय. ॲसिड आता नव्या कॅनमध्ये, कुलुपात आहे. पाण्याची बाटली पुन्हा कधीच नाही.

सकाळी काकांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतोय. त्यांनी विचारलं, "मग गॅरेज कोण उघडणार?"

म्हटलं, "उद्या बंद."