दगडूतात्याचं ताट

१९ जुलै
पाणी उतरलं. सकाळी भावोजींचा फोन. त्यांच्या चर्चने पूरग्रस्तांसाठी शिधा जमवलाय, माझा टेम्पो हवाय. कुठे? कामणच्या पुढे, नदीकाठची सुपं-टोपल्या विणणाऱ्यांची वस्ती. म्हणजे आमचीच. येतो म्हटलं. भावोजींना वाटलं माझं मन मोठं. डोंबल.

ताईने भावोजींशी लग्न केलं, ख्रिस्ती घरात गेली, म्हणून दगडूतात्याने आम्हाला वाळीत टाकलं. बाबांचा चुलतभाऊ, वस्तीचा पंच. (पुढे नुसतं द.ता. पूर्ण नाव लिहायला हात होत नाही.) आईच्या हातचं पाणीसुद्धा कोणी घ्यायचं नाही, असा हुकूम. बाबांचा बांबू चिरायचा कोयता काढून घेतला. बाबा वालीवला कारखान्यात वॉचमन झाले, तिथेच गेले. आख्ख्या गावाच्या तिरड्या ज्यांनी बांधल्या त्यांची तिरडी पॅकिंगच्या कामगारांनी बांधली, खोक्यांच्या प्लॅस्टिक पट्टीने. वाटेत दोनदा सैल झाली. वस्तीतलं कुत्रंही आलं नव्हतं.

२० जुलै
शिधा वाटला. बांबू सगळा वाहून गेलाय, घरात घोटाभर चिखल. माझ्याकडे बघायची कोणाची टाप नाही, पिशवी घेतली की मान खाली. बरं वाटलं.

द.ता.ची बायको, काकी, पिशवी हातात धरून उभी. "तांदूळ दिलास बाबा, पन शिजवू कशावर? चूल चिखलात, लाकूड ओलं."
खरंच की. एवढी शहाणी माणसं आम्ही, आणि कच्चा तांदूळ घेऊन आलो. परत येताना डोक्यात आलं. शिजवूनच न्यायचं. आणि शिजवणार कोण?

२१ जुलै
आईने दोन पातेली खिचडी केली. कुठे नेतो ते सांगितलं नाही. वस्तीत टेम्पो उभा केला आणि मोठ्याने म्हणालो, "माझ्या आईच्या हातची आहे. चालेल ना?"

चाललं. ताटं घेऊन सगळे आले. पंचांतले दोघे तर दुसऱ्यांदा आले.

द.ता. खाटेवर पाठ करून बसला. जेवला नाही. जीव थंडगार झाला माझा.

२२ जुलै
आजही नाही. काल सकाळपासून चहा-बिस्किटावर आहे म्हणे. काकी टेम्पोच्या मागे आली. "हाटेलातली हाय म्हन त्यांना. तेवढं एक खोटं बोल."
"काकी, घासागणिक खरं सांगेन."
रडली. रडू दे. माझी आई किती रडली होती तेव्हा ही कुठे होती.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. वाटलं, खूश होईल. आई भांडी घासत होती, थांबली.
"खिचडीत मीठ मी घातलं होतं. विष कालवायला तुला कोणी सांगितलं?"
मग म्हणाली, उद्या मी येते.

२३ जुलै
आई पुढच्या सीटवर, डोक्यावर पदर. वाळीत टाकल्यापासून तिने वस्तीत पाय ठेवला नव्हता. सरळ द.ता.च्या दारात. ताट वाढून समोर ठेवलं.
"दादा, गार होतंय."

तो बघत राहिला. मग उठून आत गेला. मला वाटलं, दार लावणार. गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला, ताटाशेजारी ठेवलं. बाबांचा कोयता. आख्खी वस्ती पाण्यात गेली, आणि याला गंज नाही. तेल लावलेलं. इतकी वर्षं लावत होता?

जेवला. मान वर केली नाही. हात धुतल्यावर मला म्हणाला, "मी गेलो की माझी तिरडी तूच बांध. दुसऱ्या कोनाच्या हातची नको."
मी टेम्पो चालू केला. कोयता आईच्या मांडीवर.

२४ जुलै
आई म्हणते, त्याने माफी मागितली. मला तरी ऐकू आली नाही.
आज टेम्पो नेला नाही, मला बरं नाही असं भावोजींना सांगितलं. घरामागे एक बांबू पडलेला, कोयत्याने चिरून बघितला. वाकडा गेला. मला कोण शिकवणार होतं? शिकायचं वय आलं तेव्हा कोयता त्याच्या घरात होता.

दुसरा बांबू आणावा लागेल. पॅकिंगची पट्टी मात्र वालीवला ढिगाने मिळते.