योसेफची सगळी नावं

बाई, हे पत्र तुम्हाला वाचून दाखवायला आता कोणी नाही, म्हणूनच लिहायचा धीर झाला. तुमची पत्रं मीच वाचायचे आणि उत्तरंही मीच लिहायचे. काचबिंदूने तुमची नजर गेली तेव्हा तुम्ही निवृत्त होऊन मुलुंडला तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत एकट्या राहत होतात, आणि मी तिथून दोन गल्ल्या सोडून औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होते. ऐंशीनंतरची ती चार-पाच वर्षं. शनिवारी अर्धा दिवस असायचा. सुटले की पाव, दूध आणि तुमच्या डोळ्यांत घालायचे थेंब घेऊन मी यायचे. तुम्ही दार उघडून आधी विचारायचात, "खालच्या पेटीत पत्र पडलंय का गं?" मी कशी आहे, जेवले का, हे त्यानंतर.

पत्र त्याचं असायचं. घाटकोपरच्या म्युनिसिपालिटीच्या शाळेत माझ्याच वर्गातला, नगरकडच्या ख्रिस्ती घरातला योसेफ. बाकी कुणाचं नाव इथे लिहीत नाही, पण त्याचं लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही. तो मालवाहू बोटीवर खलाशी झाला होता. बंदर बदललं की त्याचं नाव बदलायचं, आणि ते तो तुम्हाला न चुकता कळवायचा. बोटीवरचा गोव्याचा स्वयंपाकी त्याला जुझे म्हणायचा. पोर्ट सैदचे हमाल म्हणाले, तू तर आमचा युसुफ. इटलीत तो जुझेप्पे झाला, स्पेनमध्ये होसे, आणि ओळख वाढल्यावर लाडाने पेपे. ओडेसाला एका म्हातारीने ओसिप अशी हाक मारून त्याच्या हातात सफरचंदं ठेवली. कप्तानाला एवढा वेळ नव्हता, तो नुसतंच जो म्हणायचा. तुम्ही जन्मभर भूगोल शिकवलेला, तुम्हाला दुसरं काय हवं होतं? जुना ॲटलास माझ्यापुढे उघडायचात आणि त्या त्या बंदरापाशी त्याचं तिथलं नाव मला पेन्सिलीने लिहायला लावायचात. तुम्हाला ते दिसत नव्हतं, तरी कागदावरून हात फिरवून म्हणायचात, "बघ, आपला योसेफ जाईल तिथल्या लोकांना आपलाच वाटतो."

माझं नाव मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत एकच. कंपनीत तर तेही नाही, सुपरवायझर "ए पॅकिंग" म्हणून हाक मारायचा. मी जळत होते बाई, आणि त्याला दुसरा चांगला शब्द शोधायची माझी इच्छा नाही. सातवीत तुम्ही त्याला त्याच्या नावाची गोष्ट सांगायला उभं केलं होतं, आठवतं? बापाने बारा मुलांतल्या एकालाच रंगीत झगा दिला. भावांनी त्या योसेफला विकून टाकलं आणि झग्याला बकऱ्याचं रक्त लावून बापाला दाखवलं. सगळा वर्ग त्या भावांवर चिडला होता. मी एकटी बापावर चिडले होते.

एका शनिवारी मी बोलून गेले. तुम्ही बोटांनी चाचपत मेथी निवडत होतात. मी म्हटलं, "बाई, एवढी पत्रं पाठवतो, पण त्याची बोट दोनदा मुंबईला लागली तेव्हा आला का भेटायला?" तुम्ही हातसुद्धा थांबवला नाहीत. "जवळ राहणं म्हणजे काही कर्तृत्व नाही गं. उंबरठापण जवळच असतो." मी उठून चहा ठेवला. तुमच्या कपात मुद्दाम साखर घातली नाही, आणि तुम्ही तो तसाच प्यायलात.

मग ते पत्र आलं. त्याचं लग्न झाल्याचं आपल्याला माहीत होतं, आता मुलगा झाला होता. शेवटी लिहिलं होतं, 'बाई, बाळाचं नाव तुम्ही ठेवा. माझी इतकी नावं तुमच्याकडे जमा आहेत, त्यातलं एखादं निवडा नाहीतर नवं सांगा. तुमच्या उत्तरासाठी बाप्तिस्मा थांबवला आहे.' मुलगा झाल्याचं मी वाचलं. बाळ-बाळंतीण खुशाल आहेत हेही वाचलं. पुढच्या तीन ओळी सोडल्या आणि त्याची सही वाचली.

तुम्ही मान कलती करून बसला आहात. विचारता, "नाव काय ठेवलं?"

"लिहिलं नाहीये, बाई."

"नीट बघ. मागच्या बाजूला?"

"काहीच नाही."

बराच वेळ तुम्ही पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहता. मग म्हणता, "आणि मला कशाला सांगेल तो? मी कोण त्याची?"

तुमचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. खरं सांगते, मला बरं वाटलं. पहिल्यांदाच आपण दोघी एका बाकावर बसलो होतो. थोड्या वेळाने मी थेंब घालायला तुमची मान मागे केली, तेव्हा छताकडे तोंड करून तुम्ही म्हणालात, "मला विचारलं असतं ना, तर मी योसू म्हटलं असतं. पाचवीत नवा आला तेव्हा हजेरीला उभा राहायला घाबरायचा. मग मी त्याच्या बाकाशी जाऊन हळूच तशी हाक मारायची. बाकीची सगळी नावं जगाने दिली, हे तेवढं माझं." अजूनही वेळ गेली नव्हती. माझा हात चुकला, थेंब तुमच्या गालावर ओघळला. मी तो पुसला आणि दुसरा थेंब नीट घातला. तुम्ही उत्तर सांगितलंत, 'बाळाला अनेक आशीर्वाद', आणि मी तेवढंच लिहून पोस्टात टाकलं.

त्यानंतर त्याची पत्रं कमी झाली. नाव आजोबांनी ठेवलं, असं एका पत्रात होतं. तेही मी वाचलं नाही. दिवाळीनंतर तुम्ही गेलात.

दोन महिन्यांनी, तुमच्या शेजाऱ्यांकडून तुम्ही गेल्याचं कळून, तो कंपनीच्या गेटवर आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, "एक विचारू? बाळाचं नाव ठेवा म्हणून मी बाईंना लिहिलं होतं. त्यांनी नुसते आशीर्वाद पाठवले. माझं काही चुकलं का गं?"

"नाही रे. तब्येत बरी नव्हती, राहून गेलं असेल."

"तुझ्याजवळ पण काही बोलल्या नाहीत?"

"नाही."

त्याने मान हलवली. "तू होतीस म्हणून बरं. शेवटपर्यंत कोणीतरी होतं त्यांच्याजवळ." आणि वॉचमनच्या स्टुलावर बसून तो रडला. मी त्याला पाणी आणून दिलं.

त्याचा पत्ता माझ्याकडे आहे. खरं तर हे पत्र त्याला जायला हवं, म्हणूनच तुम्हाला लिहिते आहे, तुमच्याकडे पोस्ट जात नाही. शेवटी पश्चात्ताप होतो असं लिहिणार होते, पण तुमच्यापुढे खोटं वाचायची सवय आता मोडायला हवी. तुम्ही माझ्या पदरात टाकलेलं एवढं एकच नाव आहे, तेही त्याचं. आणि बाई, ते मला अजूनही त्याला द्यायचं नाही.