बॅच अकरा आणि भेटीची वेळ

४ मार्च
आजपासून रोजनिशी. मोजकं लिहायचं, फक्त निरीक्षणं. रडगाणं नाही.

हिला काल हॉस्पिटलमध्ये दाखल केलं. कॅन्सरच्या उपचारांमुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार उतरल्यात. साधी सर्दीसुद्धा महागात पडेल. जवळ जाणाऱ्याने हात नीट धुवायचे, असं डॉक्टरांनी बजावलं. मी गेली बावीस वर्षं हात धुवायचे लिक्विड साबणच बनवतोय, म्हणजे त्यांनी ते माझ्याकडेच बघून म्हटलं असणार.

निर्धार: जंतू मारणारा, नितळ, कातडीला मऊ असा साबण दहा दिवसांत तयार करायचा आणि तो घेऊनच हिच्याकडे जायचं.

५ मार्च
जंतुनाशक पावडर आली. पाण्यात टाकली, तरंगली. ढवळली, तरीही तरंगली. माणसं एकमेकांना पाण्यात पाहतात, ही पावडर पाण्यालाच पाण्यात पाहते. बॅच एक दुधासारखी झाली. ओतून दिली.

भेटीची वेळ पाच ते सहा. साबण नसतानाही गेलो. चार मिनिटं थांबलो. तिथलं फरशी पुसायचं लिक्विड हलक्या दर्जाचं आहे. हिच्या डोक्याला रुमाल होता, ओठ फुटले होते. बसा ना, उभे काय, म्हणाली. माझ्या अंगावर लॅबमधलं काय काय असतं, मी इथे नसणंच तुझ्या हिताचं, असं समजावलं. बरं, म्हणाली. समजूतदार आहे.

७ मार्च, दुपारी ३
युक्ती सापडली! पावडर आधी ग्लायकॉल नावाच्या कोमट द्रवात विरघळवायची, मग हळूहळू साबणात सोडायची. बॅच दोन काचेसारखी नितळ. हिला लगेच फोन केला. हिने विचारलं, पाचला येताय का? मी म्हणालो, अगं, नितळ झाली! छान, म्हणाली.

८ मार्च
सकाळी बाटलीच्या तळाशी सुयांसारखा गाळ. शिपायाने बाटली खिडकीशी ठेवली, गार लागलं. नाचता येईना अंगण वाकडं, असं जंतू-तपासणीच्या बाई पुटपुटल्या. दुर्लक्ष केलं.

९ मार्च
बॅच तीनचा नमुना दिवसभर शर्टाच्या खिशात ठेवला. संध्याकाळपर्यंत नितळ. वहीत 'स्थिर' अशी नोंद केली. बाई म्हणाल्या, लोक बाटली बेसिनवर ठेवतात, तुमच्या खिशात नाही. या बाईंना कोणाचं चांगलं बघवत नाही.

११ मार्च
बॅच पाच. गाळ.
मेहुणी हात धुऊन माझ्या मागे लागली आहे. कुठला साबण वापरते कोण जाणे. फोनवर म्हणाली, भावोजी, ताई रोज पाचला उशीला टेकून बसते, दाराकडे बघत. मी तिला विद्राव्यता म्हणजे काय ते सोप्या भाषेत सांगितलं. तुमच्याकडे साबण मागितला कोणी, असं तिने विचारलं. वयाने लहान आहे, म्हणून बोललो नाही.

१२ मार्च
आज जायचंच. साडेचारला निघालो. हॉस्पिटलच्या फाटकात शिंक आली. एकच. पण जबाबदार माणसाने अशा वेळी परत फिरायला हवं. फिरलो. नंतर शिंक आली नाही. पावडर नाकात गेली असेल.

१५ मार्च
दहा दिवस कालच संपले. मात्र मी कामाचे दिवस धरले होते. मुदत अजून आहे.

१७ मार्च
बाथरूममध्ये हिचा कंगवा सापडला. त्यात केस होते. बरेच. कंगवा बॅच नऊने धुतला. केस काढून कागदात गुंडाळले. टाकवेनात. कपाटात ठेवले.

भीती वाटते. तिथे गेलो आणि ही बरी होणार नाही असं हिच्या तोंडावरच दिसलं तर? साबण बिघडला की काय कमी-जास्त करायचं ते मला कळतं. हिच्याजवळ बसून काय करायचं ते कळत नाही.

हे उद्या खोडायचं.

१८ मार्च
खोडायला वेळ झाला नाही. बॅच अकरा. साबणाचं प्रमाण दुप्पट केलं. फ्रिजमध्ये ठेवली.

२० मार्च
नितळ! दोन दिवस फ्रिजमध्ये राहूनही नितळ! बाटलीतून पलीकडचं कॅलेंडर वाचता आलं. नमुना बाईंकडे तपासायला दिला. संध्याकाळी हिचा फोन आला. आवाज जरा बरा वाटला. काहीतरी सांगायचंय, म्हणाली. मी आधी बॅच अकराचं सगळं सांगितलं, मग साहेबांनी बोलावलं.

२२ मार्च
निकाल आला. तपासणीच्या प्लेटवर जंतू मजेत आहेत. साध्या साबणापेक्षा रतीभरही जास्त मेले नाहीत.

बाईंनी कारण सांगितलं. एवढा साबण ओतल्यावर पाण्यात त्याच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक गोळ्या झाल्या, त्यांनी पावडर आपल्या पोटात घेतली. ती बाहेर यायलाच तयार नाही, मग जंतू मारणार कोण? घरात आहे हो, पण कोणाच्या कामाची नाही, म्हणाल्या. आणि हॉस्पिटलात जायला साधा साबण, भरपूर पाणी आणि नीट चोळलेले हात पुरले असते. मी त्यांच्या तपासणीच्या पद्धतीवर शंका घेतली. तासभर वाद झाला. तेवढ्यात मेहुणीचे दोन फोन येऊन गेले. अशा वेळी कुठे उचलणार?

निघताना बाईंनी विचारलं, मिसेस कशा आहेत? मी म्हणालो, स्थिर.

२३ मार्च
रात्रभर झोप नाही. ठरवलं, साबण गेला खड्ड्यात, पाचला जायचं. गेलो. साध्या साबणाने कोपरापर्यंत हात धुतले.

कॉट रिकामी होती. गादी गुंडाळलेली. तिथेच फरशीवर बसलो आणि लोकांसमोर रडलो.

नर्स धावत आली. म्हणाली, अहो, पेशी वाढल्या त्यांच्या, काल सकाळीच सोडलं, बहिणीकडे गेल्या. मग विचारलं, तुम्ही कोण? मी म्हणालो, नवरा. आम्हाला वाटलं, त्यांना बहिणीशिवाय कोणी नाही, म्हणाली.

जिन्यातूनच फोन केला. हिने उचलला. जेवलात का, विचारलं. मी म्हणालो, चुकलो गं, फार चुकलो. ही म्हणाली, जंतूंची भीती नव्हती हो मला, पाच वाजायची वाटायची. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

घरी कधी येतेस, विचारलं.

घरी कोण आहे, म्हणाली.

मी आहे, असं म्हणायला मला इतका वेळ लागला की तोवर फोन मेहुणीच्या हातात गेला होता.