दोन बाटल्यांत एकच पाणी

ती. धोंडाआत्या, मुक्काम वणी, यांना हिरामणचा लांबूनच वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? (उत्तर शांतपणे कळवावे.)

गावात जुलाबाची साथ आली, तेव्हा नाशिकहून मोहिनी मॅडम जीप घेऊन आल्या. पंचायतीचं पाणी सोडणारा मीच, म्हणून मला हाताशी घेतलं. विहिरीत पाणी कुठून येतं ते आयसोटोपवरून कळतं म्हणाल्या. मला वाटलं, अणुबॉम्बपैकी काही असणार. मी चार पावलं मागे सरलो. मग त्यांनी समजावलं, की विहिरीत काही टाकायचं नाही. उन्हात साचलेलं पाणी किंचित जड होतं, जमिनीत लगेच मुरलेलं हलकं राहतं, तो फरक मशीनवर दिसतो. नाल्यावरच्या बंधाऱ्याचं पाणी (त्यात द्राक्षवाले फवारणीचे पंप धुतात) विहिरीत झिरपतं का, एवढंच बघायचं होतं. मला दोन बाटल्या दिल्या, एक विहिरीची, एक बंधाऱ्याची. पण बंधाऱ्यावर सावळीरामचं कुत्रं मोकळं होतं. आत्या, मी भ्यालो. दोन्ही बाटल्या विहिरीवरच भरल्या.

महिन्याने निकाल आला, दोन्हीकडचं पाणी एकच. सरपंचांनी विहीर बंद केली. बायका भर उन्हात दोन मैलांवरून हंडे आणू लागल्या, त्यांत आमची शकूही, सातव्या महिन्यातली. आठव्या दिवशी ती घेरी येऊन वाटेत पडली. (आता बरी आहे.) तिला खाटेवर निजवलं आणि तशीच नाशिकची एसटी धरली.

“मॅडम, दोन्ही बाटल्या विहिरीच्याच हायेत. कुत्र्याला भ्यालो.”

त्यांनी निकालाचा कागद पुन्हा पुढ्यात ओढला. मग म्हणाल्या, “इतकं सारखं पाणी बघून मलाच शंका यायला हवी होती. उद्या येते. कुत्र्याचं दोघं मिळून बघू.”

कुत्रं मॅडमना चावलं नाही, मला चावलं. पण बंधारा निर्दोष ठरला. विहिरीचं पाणी गावावरच्या माळातून मुरतं, आणि घाणही तिथूनच उतरते. ती हटेपर्यंत विहीर बंदच राहणार.

आपला भाचा,
हिरामण

ता. क. माळावर शेड एकच आहे, तुमच्या कोंबड्यांचं. खताचा ढीग उघड्यावर पडलाय. मिरगाच्या आत शेड आणि ढीग दोन्ही हलवावं, ही विनंती. शकू म्हणाली, “आत्याला भिता, मग लेकराला काय पाजणार ते तरी सांगा.” म्हणून लिहिलं.

आणखी एक. मॅडमनी शेडच्या मालकाचं नाव विचारलं, तेव्हा तुमचं नाव तोंडातून निघेना, माझंच सांगितलं. नोटीस माझ्या नावाने निघाली आहे. नोटिसा वाटायचं कामही माझ्याकडेच, त्यामुळे ती मी मला दिली आणि माझी सही घेतली.