चादरीखालच्या खुर्च्या

७ जानेवारी

आल्या! चार खुर्च्या. शंभर वर्षांच्या, एका नामांकित कारागिराच्या हातच्या. दोन हमालांनी तान्ह्या बाळासारख्या जपत वर आणल्या. सल्लागार वर्षभर डोकं खात होता — "शेअर आणि बाँड हे दोन पाय झाले साहेब, स्टुलालासुद्धा तिसरा लागतो." बाजार पडला तरी न पडणारं काहीतरी जवळ हवं म्हणे. बाँडमधले निम्मे पैसे काढून यात घातले. छातीत धडधडतंय, पण ऐटही वाटतेय.

अट एकच — बसायचं नाही. ऊनही लागू द्यायचं नाही. वापर दिसला की भाव निम्मा.

बाबा म्हणाले, "मी आयुष्यभर बसायचा पगार घेतला. तू न बसायचा घेणार!" आणि खोकला येईपर्यंत हसले. तीस वर्षं बस चालवली त्यांनी.

८ जानेवारी

हॉलमध्ये जागा पुरेना. बाबांची आरामखुर्ची मागच्या खोलीत हलवली. हॉलच्या खिडकीला जाड पडदा लावला, नव्या खुर्च्यांवर पांढऱ्या चादरी टाकल्या. ही म्हणाली, "अहो, बाबांना ती खिडकी लागते. समोरचा बसस्टॉप बघत दिवस जातो त्यांचा." मी म्हटलं, दोन-तीन वर्षांचा तर प्रश्न आहे, आणि मागच्या खोलीलाही खिडकी आहेच की! तिच्यातून शेजारच्या इमारतीची भिंत दिसते, हे मी बोललो नाही. तीही बोलली नाही.

बाबा म्हणाले, "चालेल रे."

३ फेब्रुवारी

बाबांची नवी टूम — ऑफिसातून येताना गेटपाशी हॉर्न वाजवायचा. "ड्रायव्हरने आल्याची वर्दी द्यावी!" माझी वाट बघत असतात बिचारे. आज दोनदा वाजवला. वॉचमन दचकून उठला.

१९ मार्च

बाजार आपटला. ऑफिसात सगळ्यांची तोंडं पडलेली, मी मात्र निवांत. खुर्च्यांना कुठे काय कळतं! घरी येऊन चादरींकडे प्रेमाने बघितलं. हिला म्हटलं, "म्हणत होतो ना?" ही म्हणाली, "रविवारी माझी बहीण येतेय, नवऱ्याला घेऊन. त्यांना कुठे बसवू ते सांगा."

रविवार

मेहुणी आणि तिचा नवरा पलंगावर बसले, दवाखान्यात नंबर लावून बसावं तसे. मला हसू येत होतं, हिला येत नव्हतं.

बाबा दिवसभर घुश्शात. रविवारी हे नेहमीचंच झालंय. "तू जरा बाहेर फिरून का येत नाहीस?" म्हणे. सहा दिवस माझ्या हॉर्नची वाट बघायची आणि सातव्या दिवशी मी घरात नको!

११ मे

भाव चढला. सल्लागार म्हणतो, आणखी थांबा.

२ जुलै

बाबा गेले. पहाटे, झोपेतच, मागच्या खोलीत.

१० जुलै

त्यांच्या पलंगावर आडवा होऊन बघितलं. उशीवरून काय दिसतं? भिंत. तिच्यावर एक गंजका पाइप. बस्स.

ज्या माणसाने तीस वर्षं रस्त्यावर काढली त्याला शेवटी मी भिंत दाखवली. आणि हॉलमध्ये चार रिकाम्या खुर्च्या! "चालेल रे" म्हणाले आणि मी ते खरं मानलं. सोयीचं होतं म्हणून मानलं. पैसे कुठे किती ठेवावेत याचा केवढा अभ्यास केला मी! त्या खोलीत जाऊन एक संध्याकाळ त्यांच्याजवळ निवांत बसलो नाही. दारातूनच विचारायचो, "काय बाबा, ठीक ना?" स्वतःची लाज वाटते.

खुर्च्या विकून टाकणार. डोळ्यांसमोर नकोत.

६ ऑगस्ट

किंमत ठरवायला पारखी आला. भिंग, टॉर्च, हातमोजे, सगळा थाट. तीन खुर्च्या झटपट पास झाल्या. चौथीपाशी उकिडवा बसला तो उठेचना.

"साहेब, ही वापरात आहे."

शक्यच नाही, म्हटलं. त्याने दाखवलं. बैठक खाली गेलेली. एका हाताचं पॉलिश घासून गुळगुळीत, दुसऱ्याचा रंग उन्हाने उडालेला. "रोज बसलंय कुणीतरी. तेही खिडकीजवळ. हिचा भाव निम्मा, आणि संच बिघडला म्हणून बाकीच्या तिघींचाही उतरणार."

मी हिच्याकडे बघितलं. ती दारात उभी होती.

"तुम्ही ऑफिसला गेलात की मी खुर्ची खिडकीशी ओढायचे, पडदा सरकवायचे. बाबा बस मोजत बसायचे. सात नंबर आजपण उशिरा, म्हणायचे." मग हळूच — "रागावलात?"

रागावू? भाव पडला हे ऐकून एवढं बरं मला जन्मात वाटलं नव्हतं! पारख्याला बसवून चहा पाजला. वेडा समजला असेल मला. तो गेल्यावर ती खुर्ची मीच खिडकीशी नेली. चादर काढली. पडदा सरकवला. बाबांना रस्ता दिसत होता! रोज दिसत होता! मी उगाच रडत होतो महिनाभर.

७ ऑगस्ट

गेटपाशी सवयीने हॉर्न वाजवला. वर आलो तर ही हॉलमध्ये, धापा टाकत. एका हातात पांढरी चादर, दुसरा हात रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर. तीही सवयीनेच धावत आली होती.

मी आलो की बाबा उठायचे.

उद्यापासून हॉर्न वाजवणार नाही. बसू देत त्यांना.