मांजरकानीचं फूल

बुधवार, ता. ९

प्रिय चिमे,

आधी तुझ्या गुडघ्याचं सांग. जिना उतरताना कठडा धरतेस ना? मेव्हण्यांचा खोकला बसला का, की अजून औषध कडू म्हणून उशीखाली लपवतात? भाचीबाईंचं बाळ रात्री झोपू देतं का? आणि तुझी ती म्हातारी मांजर, तीही खाऊन-पिऊन सुखी असावी. इकडे तुझ्या वहिनीची कंबर हवेप्रमाणे बरी-वाईट. जीभ मात्र बाराही महिने ठणठणीत. मी उत्तम. दुकान आता मुलाकडे सोपवलंय. जन्मभर लोकांची घड्याळं उघडली, आता पुरे म्हटलं. अक्षर जरा गिचमिड येतंय, ते या नव्या पेनामुळे.

मधली पत्रं वहिनीच्या हातची गेली, कारण माझे हात कायम मातीत. तुझ्याच कामात गं. तू गेल्या साली विचारलं होतंस, की घरामागच्या उतारावर, गवतात, ते पिवळं फूल यायचं आणि दुपार झाली की मिटायचं, ते कुठलं? फूल मिटलं की जेवायला घरी यायचं, असं आईनं तुला शिकवलेलं. मला त्या फुलाचा तेव्हापासून हेवा. ना किल्ली, ना तेल, आणि वेळेला पक्कं. रोपवाल्याकडून तू दोनदा बी आणलंस आणि दोन्ही वेळा झेंडू उगवला, हे वाचून वहिनी पोट धरून हसली. मी म्हटलं, हे आता माझ्याकडे लागलं.

पाण्याच्या टाकीमागे एक गवताळ माळ आहे, तिथे मला तसलं फूल सापडलं. वाचनालयातून जाडजूड पुस्तक आणलं. ही सगळी सूर्यफुलाची भावकी. आपण ज्याला एक फूल म्हणतो ते मुळात एक नसतंच. यातली एकेक पाकळी म्हणजे एक अख्खं फूल. वरून एक दिसतं, आत चांगलं खटलं नांदत असतं. पानं जमिनीला चिकटून, खरखरीत, लवदार. देठ मोडला की दूध. देठावर बारीक खवले, मांजराच्या कानासारखे, म्हणून नाव मांजरकानी.

बी पिकलं की त्याच्या म्हाताऱ्या होऊन उडतात. त्या पकडायला मी माळावर धावत होतो, तर वहिनी म्हणाली, "या वयात म्हाताऱ्यांच्या मागे लागलात. लोक काय म्हणतील?"

बी पुरायचं नाही, मातीवर नुसतं भुरभुरायचं, उजेड लागतो त्याला. हे मला ठाऊक होतं. वहिनीनं मायेपोटी घातलेलं खत ठाऊक नव्हतं. पानं ही कोबीएवढी झाली आणि फुलाचा पत्ता नाही. मग रोपं उपटून खडे-वाळूच्या खोक्यात लावली आणि पाणीही बेतानं दिलं. वहिनी म्हणाली, "पोरांसारखंच आहे म्हणा की. लाड केले की नुसती वाढतात." आणि यंदा फुलली चिमे, खोकं पिवळंजर्द झालं. दुपारी मिटतातही.

पण इथेच घोडं पेंड खाऊ लागलं. मांजरकानीची एक जुळी बहीण आहे, तीही पिवळी, तीही दुधाळ. फरक एकच, फुलाच्या पोटात. मांजरकानीच्या पाकळ्यांच्या मुळाशी कोंड्यासारखे पातळ पापुद्रे असतात, तिच्या बहिणीला नसतात. आठवतं तुला? फुलं कुस्करून तू फ्रॉकभर कोंडा घेऊन यायचीस आणि आई दारातच अडवायची, "आधी तो कोंडा झाड, मग आत ये." म्हणजे कोंडा असेल तरच ते आपलं.

मी फूल उकललं, दुकानातलं भिंग डोळ्याला लावलं आणि पाहिलं. कडेची पाकळी दिसली. मधे काही नाही. भिंग पुसलं. दुसरं लावलं. दिवा बदलला. शेवटी भिंग बिघडलं म्हणून कुरकुरलो, तेव्हा वहिनी भाजी चिरता चिरता म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं." आणि मग सुरी खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. तिला आधीच कळलं होतं.

दुकान सोपवलं असं वर लिहिलंय ना, ते अर्धंच खरं. घड्याळातली केसासारखी बारीक कमान माझ्या हातून वाकली. एकदा नाही. दुसऱ्या दिवशी मुलगा माझ्या आधी येऊन माझ्या खुर्चीवर बसला, एवढंच. आणि पेनाचा काही दोष नाही गं. ओळीखाली पट्टी धरून लिहितोय.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. गेलेलं परत येणार नाही. पण कडेचं दिसत राहील." म्हणजे बघ, दाराची चौकट दिसते, दारात कोण उभंय ते दिसत नाही. वहिनीचा पदर दिसतो. चेहरा तिनं आवाज दिल्यावर मी मनानं भरतो.

सोबत एक सुकवलेलं फूल आणि पुडीत बी ठेवलंय. फूल तू उकलून बघ. माझ्या बोटांना काहीतरी कुरकुरीत लागतं, पण आयुष्यभर डोळ्यांच्या जिवावर जगलेल्या माणसाला बोटांची साक्ष पुरत नाही. कोंडा आहे का, एवढंच सांग. नसला तरी खोटं सांगू नकोस. मी पुन्हा माळावर जाईन, वहिनीचा हात धरून.

जमलं तर, गुडघा ऐकत असेल तर, फुलं आहेत तोवर येऊन जा. आणि आलीस की माझ्या अगदी समोर बसू नकोस. जरा बाजूला बस, म्हणजे मला दिसशील.

उत्तर लवकर लिही. अक्षर मोठं काढ, पहिल्यांदा पाटीवर काढायचीस तेवढं. आधी मी स्वतः वाचून बघणार आहे.

तुझा,
दादा