सखूमावशीच्या गोळ्या

मंगळवार, लिंबागणेशहून परतल्यावर

मेडिकलमध्ये नवं बिलिंग सॉफ्टवेअर बसवून आठवडाही झाला नाही. दुपारी गर्दीत सखूमावशीला शुगरच्या गोळ्या दिल्या, एक एमजीच्या ऐवजी दोनच्या. संध्याकाळी दिवसभराची बिलं बघताना लक्षात आलं. मावशी एकटी राहते, फोन बंद. उद्या सकाळी तिनं गोळी घेतली असती आणि चक्कर येऊन पडली असती तर? दुकान तसंच बंद केलं, स्कूटी काढली आणि नेकनूरहून थेट लिंबागणेशला तिचं घर गाठलं.

पाकीट अजून उघडलेलं नव्हतं. मी पट्ट्या बदलून दिल्या.

"एवढ्यासाठी आलीस व्हय गं पोरी?"

"नव्या सॉफ्टवेअरनं घोळ केला, मावशी," मी म्हणाले.

असं कशाला म्हणाले? जुन्यात यादीत एकची गोळी आधी यायची, नव्यात दोनची येते, एवढंच. पण दोनचा आकडा स्क्रीनवर स्वच्छ दिसत होता. पट्टीवरही होता. सवयीनं एंटर दाबलं ते मीच. न वाचता दिलं कसं मी?

मावशीनं चहा ठेवला. "जळो ती मशीन! तू हायस म्हणून वाचले बाई."

मी होकारार्थी मान हलवली आणि चहा पिऊन आले.